अष्टागराची संथ सफर

दापोडीच्या कारखानी गजबजाटातून निघून घाट उतरला की अष्टागराचा सपाट किनारा लागतो. अलिबाग ते रेवदंडा हे सुमारे 17 किलोमीटरचे अंतर विजेच्या सायकलीस सोयीचे. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरहून कमी वेग असल्यास वाहन परवाना लागत नाही. म्हणून घरातील ज्येष्ठांनाही सोबत येता येते. मात्र सायकल वाळूत घालू नये. खारे पाणी मोटरीचे वैरी.

वाटेत नारळी-पोफळीच्या वाड्यांत चौल विसावले आहे. ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखलेले हे बंदर. येथील व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. पुढे मुंबईचा उदय झाला आणि ही पेठ ओसरली. पेठ गेली, दान मात्र दगडावर राहिले. व्यापारी घरातील मुलांना हे चौलमध्येच सांगावे.