तबकडीच्या पाठीवरची नावे

संगीत हा माझा प्रांत नव्हे. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते चाळीतल्या वाचनालयात. असा मनुष्य अमेरिकेच्या दक्षिण भागातील गिटारवादनावर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू येईल. येऊ द्या. मला तिकडे सुरांनी नेले नाही, हजेरीपटाने नेले.

अलाबामा राज्यात टेनेसी नदीकाठी मसल शोल्स नावाचे लहान गाव आहे. १९६०नंतरच्या दशकात या परिसरातल्या स्टुडिओंत विल्सन पिकेट, अरीथा फ्रँकलिन, पर्सी स्लेज यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली. काळ्या लोकांच्या चर्चमधली आर्त गायकी प्रेमाच्या नि दुःखाच्या लौकिक गाण्यांत उतरली, तिला सोल म्हणतात. हे गायक कृष्णवर्णी, पण साथीला बसणारे बरेचसे वादक गोरे तरुण. बसमध्ये कोणी कुठे बसायचे यावरून ज्या राज्यात १९५५ साली मोठा लढा उभा राहिला, त्याच राज्यात हे चालले होते. १९६९ साली त्यांतले चार वादक मालकाची नोकरी सोडून बाहेर पडले आणि शेजारच्या शेफील्डमध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. माझ्यासारख्याला ही गोष्ट आवडणारच.

आता मजुरीचे पाहू. साथीदार वादकाला तीन तासांच्या बैठकीमागे युनियनने ठरविलेला दर मिळे. तो घेतला की त्याचा संबंध संपला. पुढे तबकडीच्या लाखो प्रती खपल्या तरी त्या तबकडीच्या खपावर रॉयल्टी म्हणून सहसा काही येत नसे. अमेरिकेत आजही साध्या रेडिओ केंद्रावर गाणे वाजले, तर ते रचणाऱ्याला पैसे मिळतात. गाणाऱ्याला आणि वाजविणाऱ्याला नाही. (आपल्या सिनेमाच्या तबकड्यांवर तरी सतारीयाचे नाव किती वेळा वाचलेत?)

या वादकांत एडी हिंटन नावाचा एक गिटारवाला होता. जन्म १९४४चा. पिकेट, अरीथा, स्टेपल सिंगर्स यांच्या मागे याची गिटार आहे. गाणीही तो रचीत असे. डस्टी स्प्रिंगफील्ड हिने गायिलेले, १९६९ साली निघालेले 'ब्रेकफास्ट इन बेड' हे त्याने डॉनी फ्रिट्सबरोबर केलेले. आणि गळा असा खरखरीत नि भाजलेला की गोरा माणूस गात आहे यावर विश्वास बसू नये.

१९७८ साली त्याच्या नावाचा पहिला अल्बम निघाला, 'व्हेरी एक्स्ट्रीमली डेंजरस'. काढणारी कंपनी जॉर्जियातल्या मेकन शहरातली कॅप्रिकॉर्न. ऑलमन ब्रदर्स बँडच्या जोरावर सदर्न रॉक या प्रकाराला बाजार मिळवून देणारी कंपनी ती हीच. पण पुढल्याच वर्षी तिचे दिवाळे वाजले. अल्बमला ना जाहिरात मिळाली, ना दुसरी छपाई.

दुर्मिळ तबकडी म्हणतात ती अशी होते. वाजविण्यात खोट नसते. कारखाना बंद पडतो, मूळ फीत व हक्क धनकोंच्या हाती जातात. उरलेल्या मालाच्या पाकिटाचा कोपरा कापून तो मातीमोल भावाने विकतात. त्यावर कलावंताला बहुधा छदामही मिळत नाही. तोच कोपरा कापलेला माल वीस वर्षांनी संग्राहक जादा दाम देऊन शोधीत हिंडतात!

हिंटन मधल्या काळात व्यसनात आणि मनाच्या आजारात सापडला. बस स्थानकावर सामानासह बसलेला तो एका जुन्या मित्राला आढळला, आणि त्या ओळखीतून पुन्हा ध्वनिमुद्रण सुरू झाले. नंतरचा एक अल्बम तर आधी स्वीडनमध्ये निघाला. १९९५ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, तो हृदयविकाराने वारला. त्याच्या मागे राहिलेल्या फिती इंग्लंडमधल्या झेन नावाच्या लहानशा कंपनीने एकामागून एक बाहेर काढल्या.

या शोधात मोठ्या कंपन्यांचा वाटा थोडा. खरा वाटा तबकडी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचणाऱ्यांचा. गायकाचे नाव समोर असते, पण तीच गिटार आणखी कुठे आहे हे पाठीवर कळते. एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर असे गेले की गायक निरनिराळे असले, तरी मागे राबणारी माणसे तीच निघतात.

शेफील्डच्या त्या चौघांतला एक डेव्हिड हूड. त्याचा मुलगा पॅटर्सन याच्या ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडने २०११ सालच्या 'गो-गो बूट्स' या अल्बममध्ये हिंटनची दोन गाणी घेतली. त्यांतल्या एकाचे नाव 'व्हेअर्स एडी', म्हणजे 'एडी कुठे आहे'. ते एडीने स्वतःच फ्रिट्सबरोबर रचले होते.