बँडसॉ फेकत नाही, ओढतो

घरच्या गॅरेजात बँडसॉ घेतला असं सांगितलं की लाकूडकामातले मित्र हमखास म्हणतात, "बरं केलंस, टेबल सॉपेक्षा हा सुरक्षित." हे निम्मं खरं आहे. टेबल सॉची गोल करवत फिरताना मागचे दाते फळीत अडकले, तर ती उचलून चालवणाऱ्याच्या अंगावर फेकते. बँडसॉचं पातं मात्र वरून खाली धावतं आणि फळीला टेबलावर दाबून धरतं. त्यामुळे फळी उलटी अंगावर येत नाही.

गोची पुढे आहे. टेबलावर दाबणारी हीच ओढ गोल लाकडाला गरगर फिरवते. मी एकदा लाटण्यासाठी शिसवाचा दांडा नुसता हातात धरून आडवा कापायला गेलो होतो. दांड्याची पात्याकडची बाजू खाली ओढली गेली, दांडा पुढे गरकन फिरला आणि पात्यात रुतून बसला. पातं वाकडं होऊन तुटलं. बोटं वाचली, कारण मी घाबरून हात सोडला होता. शहाणपण त्यात काही नव्हतं. गोल दांडा, फांदी, बांबू यांना इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत बसवून, शक्यतो शिकंज्याने आवळूनच कापायचं. टेबलापासून अधांतरी राहिलेल्या वाकड्या फळीचंही तेच होतं: पातं तिला धाडकन खाली आपटतं. बसकी बाजू खाली, हा नियम त्यासाठीच आहे.

"आवाज कमी, पातं बारीक, म्हणजे इजाही बारीक." हा गैरसमज सगळ्यांत जुना असावा. मांस-मासे प्रक्रियेच्या कारखान्यांत गोठवलेले ठोकळे हाडांसकट बँडसॉवरच कापतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. 14 इंची चाकाच्या यंत्रावर पातं मिनिटाला साधारण 900 मीटर धावतं, म्हणजे ताशी 54 किलोमीटर. बोटाला ते शिसवापेक्षा जास्त किंमत देत नाही.

बोट नेमकं केव्हा जातं? कापाच्या शेवटी. लाकूड असेपर्यंत ते आपल्या ढकलण्याला विरोध करत असतं. शेवटचा सेंटिमीटर कापला गेला की फळी संपते आणि आपला जोर तसाच उरतो. तेव्हा अंगठा पात्याच्या रेषेत असेल तर तोच पुढे जातो. म्हणून दोन्ही हात रेषेच्या डाव्या-उजव्या अंगाला ठेवायचे आणि शेवटचे आठ-दहा सेंटिमीटर लाकडाच्या पट्टीने ढकलायचे. ही पट्टी कापली गेली तर दुसरी करता येते.

याच जोराशी पात्याच्या धारेचा संबंध आहे. "जुनं, बोथट पातं हाताला कमी लागतं" असं एका अनुभवी मिस्त्रींनी मला ऐकवलं होतं. उलट आहे. बोथट पात्याला जास्त ढकलावं लागतं, म्हणजे शेवटी उरणारा जोरही जास्त. रवाळ भुशाऐवजी पीठ पडू लागलं, जळका वास आला किंवा काप रेषा सोडून पळू लागला, की पातं बदलायची वेळ झाली. आपल्याकडे जुन्या वाड्यांचं सागवान विकत मिळतं. त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात आणि एक खिळा नव्या पात्याचे दाते घालवतो. आधी लोहचुंबक फिरवून बघा.

पात्याचा उघडा भाग झाकणारा गार्ड पूर्ण वर ठेवला की काम दिसतं, असं म्हणून लोक तो तिथेच सोडून देतात. गार्ड लाकडाच्या पाच-सहा मिलिमीटर वर आणावा. बोट शिरायला फट राहत नाही आणि पात्याला आधार देणारे वरचे गाईड जवळ आल्याने पातंही डगमगत नाही. म्हणजे काप सरळ येण्यासाठीही तो खालीच हवा.

हातमोज्यांबद्दल तर वादच होतात. यंत्र चालू असताना हातमोजे नकोत. दाता कापडात अडकला की नुसती जखम होऊन भागत नाही, अख्खा हात खाली खेचला जातो. लांब बाही, ओढणी, मनगटावरचा गंडा, श्रावणातली राखी यांनाही हेच लागू. पातं बदलताना मात्र हातमोजे आणि चष्मा दोन्ही घाला, आणि प्लग काढूनच हात घाला. अडीच मीटरच्या आसपासचं ते वेटोळं स्प्रिंगसारखं सुटतं.

"पातं तुटलं की तलवारीसारखं बाहेर येतं" ही भीती मात्र अवास्तव आहे. झाकणं बंद असतील तर तुटलेलं पातं बहुतेक वेळा आतच गोळा होतं. तुटण्याची अडचण मात्र जुनी आहे: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बँडसॉची कल्पना आली तेव्हा पात्याची दोन टोकं जोडणारा सांधाच टिकत नव्हता. 1846 मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅन पोलीन क्रेपँ यांनी सांधा जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा गाडी पुढे सरकली. आज पातं तुटतं ते बरेचदा आपण मुरगाळल्यामुळे. पोळपाटाची गोलाई 12 मिलिमीटर रुंद पातं सहज घेतं, पण त्याची मर्यादा सुमारे 63 मिलिमीटर त्रिज्येची. डावाच्या दांड्याच्या वळणाला 6 मिलिमीटरचं लावा. अर्ध्या कापातून मागे यायचं झालं तर यंत्र बंद करून, पातं थांबल्यावरच. नाहीतर पातं चाकावरून निसटतं.

धूळ नाकावर रुमाल बांधून अडत नाही. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. एन-95 मास्क लावा आणि खालच्या चाकाच्या कप्प्यातला भुसा काढत राहा.

आपल्याकडे वीज मध्येच जाते. साधा खटक्याचा स्विच चालूच राहतो आणि वीज आली की पातं आपोआप धावू लागतं, मग तुम्ही त्या वेळी टेबल झाडत असाल तरी. वीज परतल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच बसवून घ्या.

आणि बंद केल्यावर लगेच हात घालू नका. गोल करवत फिरताना दिसते, पण बँडसॉचं पातं धावतानाही उभ्या पट्टीसारखं स्थिर भासतं आणि मोटार बंद केल्यावरही काही सेकंद फिरत राहतं. आज स्विच बंद करून घड्याळ लावा आणि तुमच्या यंत्रावर ते किती सेकंद चालतं ते मोजा. तो आकडा खडूने झाकणावर लिहून ठेवा.