समुद्राच्या पाण्यातले दोन सोडे

तिसऱ्यांचे कालवण झाले की शिंपले आपण खुशाल टाकून देतो. पण मैत्रिणींनो, ते टणक घर बांधायला त्या इवल्याशा जिवाला किती खटपट पडते, ठाऊक आहे? आणि आता तर त्या घराचा चुनाच महाग होत चालला आहे!

आधी एक गंमत करून पाहा. काचेच्या पेल्यात कच्चे अंडे ठेवून ते बुडेल इतके व्हिनेगर ओता. लगेच बुडबुडे येतील आणि एक-दोन दिवसांत कवच विरघळून अंडे नुसत्या पापुद्र्यात उरेल. अंड्याचे कवच काय, शिंपला काय, दोन्ही एकाच चुनखडीच्या जातीचे. आंबटाशी त्यांचे जमत नाही.

तुम्ही म्हणाल, समुद्र तर खारट, तो आंबट कसा होईल? आंबट नाही होत, पण त्या बाजूला सरकतो आहे, बरं का! सोडावॉटरमध्ये कोंडलेला असतो तोच कार्बन डायऑक्साइड वायू कोळसा, पेट्रोल, गॅस जाळला की हवेत जातो. त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो आणि पाण्यात त्याचे सौम्य आम्ल बनते. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी समुद्राचा सामू ८.२च्या आसपास होता, आता ८.१च्या आसपास आहे. फरक दिसायला चिमूटभर. पण सामूच्या मापात एक अंक म्हणजे दहापट!

आपल्या घरात दोन सोडे असतात ना? धुण्याच्या सोड्यात कार्बोनेट, खाण्याच्या सोड्यात बायकार्बोनेट. समुद्रातही ही दोन्ही असतात. शिंपल्याला हवे ते पहिले. आणि हे आम्ल नेमके त्याचेच दुसरे करून टाकते. मेख आहे ती इथे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगॉन राज्यात, २००७च्या सुमारास कालवांच्या पैदास केंद्रात पिल्ले भराभर मरू लागली. आधी संशय जंतूंवर गेला. मग उमगले, की वाऱ्यामुळे समुद्राच्या खोलातले थंड, या वायूने भरलेले पाणी वर येते आहे. उपाय काय केला? टाकीच्या पाण्यात चक्क धुण्याचा सोडा! पिल्ले पुन्हा धरू लागली.

टाकीला सोडा पुरला. समुद्राला कुठून पुरवायचा? तिथे धूर कमी करणे हाच उपाय. डाळ आधी भिजवली, पातेल्यावर झाकण ठेवले, की गॅस वाचतो. एवढ्याने समुद्र सावरणार नाही, वीजकेंद्रांचा धूर कितीतरी मोठा आहे. पण घरखर्चासाठी जे करतोच, ते तिसरीच्या घरासाठीही करायला काय हरकत आहे?