गायिका गेली, तरी अल्बम पूर्ण कसा झाला? क्रॅनबेरीज आणि आपला एकखांबी तंबू



या वेळच्या व्हिडिओत मी आयर्लंडच्या एका बँडचं उदाहरण दिलं आणि वेळ संपल्यामुळे ते अर्धंच राहिलं. इथे नीट सांगतो. 'आमच्याकडे सगळं मलाच बघावं लागतं' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

बँडचं नाव द क्रॅनबेरीज. नव्वदच्या दशकात एमटीव्ही बघितलेल्यांना त्यांचं 'झॉम्बी' आठवत असेल. हे लोक लिमरिक नावाच्या शहरातले. नोएल आणि माइक होगन हे दोघे भाऊ आणि ड्रम वाजवणारा फर्गल लॉलर यांनी १९८९ मध्ये सुरुवात केली. पहिला गायक सोडून गेला. मग १९९० मध्ये डोलोरेस ओ'रिऑर्डन ही मुलगी ऑडिशनला आली. या पोरांकडे संगीत होतं, शब्द नव्हते. त्यांनी गिटारवर वाजवलेले तुकडे एका कॅसेटवर भरून तिला दिले. ती कॅसेट घरी घेऊन गेली आणि काही दिवसांत शब्द आणि सूर बसवून परत आली. त्यातूनच 'लिंगर' हे गाणं झालं.

ही कॅसेट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

त्यांची कामाची पद्धत पुढेही साधारण तशीच राहिली. नोएल चाल रचून रेकॉर्ड करायचा आणि डोलोरेसकडे द्यायचा, ती शब्द लिहून गायची. पहिला अल्बम १९९३ चा. सुरुवातीला फारसा खपला नाही, पण अमेरिकेत एमटीव्हीने 'लिंगर' उचललं आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या पन्नास लाखांवर प्रती गेल्या. मग नेहमीसारखं झालं. यश आलं, दौरे झाले, दमणूक झाली आणि २००३ मध्ये त्यांनी विश्रांती घेतली. २००९ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २०१२ मध्ये 'रोझेस' हा अल्बम काढला.

२०१७ मध्ये डोलोरेसच्या पाठीच्या दुखण्यामुळे दौरा रद्द करावा लागला. पण त्याच वर्षी दोघांनी नवीन गाणी करायला घेतली होती. कॅसेटच्या जागी आता ई-मेल आला होता, एवढाच फरक. हिवाळ्यापर्यंत ११ गाणी कच्च्या रूपात तयार झाली.

१५ जानेवारी २०१८ ला लंडनमधल्या हॉटेलात डोलोरेसचा अचानक मृत्यू झाला. वय ४६.

आता जरा थांबा आणि आपल्या धंद्याकडे बघा. ज्या आवाजासाठी लोक पैसे मोजतात, तोच गेला. बाकीचे तिघे उत्तम वाजवतात, पण दुकानातला मालच संपला. आपल्याकडे याला एकखांबी तंबू म्हणतात.

तरीही २६ एप्रिल २०१९ ला त्यांचा अल्बम आला, 'इन द एंड'. तोही डोलोरेसच्याच आवाजात. कसा?

गाण्याचा डेमो म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, शिंप्याने कच्ची शिलाई मारून ठेवावी तसं. शेवटी गायक स्टुडिओत जाऊन तेच पुन्हा नीट गातो आणि कच्चं फेकून दिलं जातं. इथे पुन्हा गायला कोणी उरलं नव्हतं. पण तिचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे वाद्यांपासून सुटा, हाताशी होता. नोएलने जमा झालेल्या फाइल ऐकल्या आणि आधी एकच गोष्ट तपासली: यातून अख्खा अल्बम खरंच उभा राहतो का, की आपण उरलंसुरलं गोळा करतोय? अर्धवट माल बाहेर काढून इतक्या वर्षांचं नाव घालवायचं नव्हतं. अल्बम उभा राहतोय असं वाटल्यावर ते तिच्या घरच्यांकडे गेले. त्यांचा होकार आला, मगच काम सुरू झालं. निर्माता म्हणून स्टीफन स्ट्रीटला बोलावलं, ज्याने त्यांचा पहिला अल्बम केला होता. नवा माणूस आणला असता तर डोलोरेसला काय आवडलं असतं हे त्याला समजावण्यातच वेळ गेला असता. मग लंडनच्या स्टुडिओत त्या आवाजाभोवती तिघांनी आपापली वाद्यं वाजवली.

मला संगीतातलं फार कळत नाही, पण यात तंत्रज्ञानाची कमाल थोडीच आहे. खरं काम त्या जुन्या सवयीने केलं. दोघं एका खोलीत बसून तोंडी गाणी करत असते, 'माझ्या डोक्यात आहे, स्टुडिओत गाते' असं ती म्हणाली असती, तर जानेवारीनंतर हातात काहीच उरलं नसतं.

आमच्या एका बॅचमध्ये मसाल्याचा घरगुती उद्योग करणाऱ्या एक ताई होत्या. प्रमाण सगळं हातात, 'मूठभर धणे, अंदाजाने दगडफूल.' त्या डेंग्यूने पंधरा दिवस पडल्या. मुलीने तेच साहित्य घेऊन मसाला कुटला आणि गिऱ्हाइकांनी पाकिटं परत आणली. बऱ्या झाल्यावर त्यांनी वजनकाटा घेतला, प्रत्येक मूठ मोजली आणि भाजतानाचा व्हिडिओ मुलीच्या मोबाइलमध्ये काढून ठेवला. तो त्यांचा डेमो. कच्चा असला तरी चालतो, फक्त दुसऱ्याच्या हाताला लागला पाहिजे.

घरच्यांच्या परवानगीचा मुद्दा कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे. आयर्लंडमध्ये गाण्याचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, आपल्याकडे ६०, आणि तो वारसांकडे जातो. आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा प्रोप्रायटरी असतो. तिथे मालक गेला की जीएसटी नोंदणीही संपते. धंदा पुढे चालवायचा तर वारसाला स्वतःची नवीन नोंदणी घ्यावी लागते, आणि जुन्या खात्यातलं शिल्लक क्रेडिट वळवायला आयटीसी-०२ हा फॉर्म भरावा लागतो. भागीदारीत एक भागीदार गेला आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर फर्मच विसर्जित होते. करारनामा काढून ते कलम आहे का बघा. नसेल तर सीएला फोन करा, अगदी उद्याच.

एक गोष्ट मात्र मला पटायला वेळ लागला. 'इन द एंड' नंतर क्रॅनबेरीज हा बँड संपला असं तिघांनी आधीच सांगून टाकलं. नवी गायिका घेऊन पुढे जायचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसीने १९८० मध्ये याच्या उलट केलं होतं. त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला, त्यांनी ब्रायन जॉन्सनला घेतलं आणि त्याच वर्षी आलेला 'बॅक इन ब्लॅक' जगभर तुफान खपला. धंदेवाईक डोक्याने बघितलं तर एसी/डीसीच बरोबर वाटतात. पण क्रॅनबेरीजमध्ये डोलोरेस नुसती गात नव्हती, नोएलबरोबर गाणी लिहीतही होती. ती जागा पगार देऊन भरण्यासारखी नव्हती. तुमच्या धंद्यात कोणती जागा भरता येते आणि कोणती नाही, हे तुम्हालाच ठरवायचंय, आणि धडधाकट असतानाच.

पहिलं गाणं 'ऑल ओव्हर नाऊ' त्यांनी १५ जानेवारी २०१९ ला, डोलोरेसच्या पहिल्या स्मृतिदिनी बाहेर काढलं. अल्बमला सर्वोत्तम रॉक अल्बमसाठी ग्रॅमीचं नामांकन मिळालं. इतक्या वर्षांत ते त्यांचं पहिलंच. बक्षीस मिळालं नाही.