घोरण्याची फिर्याद

बहुतेक रोगांची कैफियत रोगी स्वतः देतो. पोटात कळ कोठून उठते, ताप कोणत्या प्रहरी चढतो, दम कितव्या पायरीवर लागतो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. निद्रेत श्वास वारंवार खंडित होण्याचा जो विकार आता दवाखान्यांत सर्रास ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने ओळखला जातो, तो मात्र असा विलक्षण आहे, की त्याचा सर्व प्रकार रोग्याच्या जाणिवेच्या गैरहजेरीत घडतो, आणि त्याचा एकमेव साक्षीदार असतो तो शेजारी जागा राहिलेला मनुष्य. सातारा-सांगलीकडील घरांतून हा साक्षीदार बहुधा पत्नी असते. तिची फिर्याद आजवर थट्टेवारी नेण्याचाच प्रघात आहे. “दिवसभर राबलेला माणूस, घोरणारच,” एवढ्यावर तिचा निकाल लागतो. वास्तविक, घोरता घोरता मध्येच पडणारी निःशब्द शांतता, आणि तिच्या अखेरीस हिसका देऊन सुटणारा मोठा श्वास, या दोन गोष्टी तिने सांगितल्या, तर वैद्याला अर्धे निदान तेथेच मिळते.

जिभेच्या मुळामागील घशाच्या भागास नाकासारखा अस्थींचा किंवा श्वासनलिकेसारखा कूर्चेच्या कड्यांचा आधार नाही. तो केवळ स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. बोलण्याला आणि गिळण्याला ही लवचीकता उपकारक आहे. पण झोपेत स्नायू सैलावले, जीभ मागे घसरली, की तोच मार्ग अरुंद होतो, आणि त्यातून घुसणाऱ्या हवेने टाळूचा मऊ पडदा थरथरू लागला म्हणजे आपण त्यास घोरणे म्हणतो. मार्ग पुरता मिटला, तर छातीपोटाची धडपड चालू राहते. हवा मात्र आत जात नाही. असा खंड १० सेकंद टिकला की शास्त्र त्याची नोंद घेते. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन स्नायूंना ताण देतो, श्वास सुटतो, आणि माणूस नकळत पुन्हा झोपी जातो. तासाला असे ५ ते १५ प्रकार घडले तर रोग सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. प्रत्येक खेपेस रक्तदाब उसळतो. म्हणून सकाळी डोके जड आणि तोंड कोरडे असणे, रात्री दोन-तीनदा लघवीस उठावे लागणे, औषधे चालू असूनही रक्तदाब न उतरणे, आणि आठ तास अंथरुणात काढूनही दुपारी बसल्याजागी डुलकी लागणे, ही सारी एकाच दप्तरातील कागदपत्रे आहेत.

हा केवळ स्थूल माणसांचा रोग, हा समज अर्धाच खरा आहे. मानेचा घेर आणि पोटाचा विस्तार यांचा त्याच्याशी निकट संबंध आहे खरा; परंतु लहान जबडा आणि अरुंद घसा असलेल्या माणसाला बेताच्या वजनातही तो गाठतो. मुंबईत डॉ. झरीर उडवाडिया यांनी हिंदुजा रुग्णालयात नित्य आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७.५ टक्के निघाले. आणि ही माणसे स्वतःस निरोगी समजून आलेली होती. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर हा विकार वाढतो, पण त्यांची तक्रार घोरण्याऐवजी थकव्याची किंवा झोप न लागण्याची असल्याने ती भलत्याच सदरात नोंदली जाते.

१९८० पर्यंत तीव्र रोग्यास खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्यास छिद्र पाडून श्वासाला घशाखालून वाट देणे. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे सतत हवेचा दाब देऊन मिटणारा घसा आतूनच उघडा धरून ठेवण्याची युक्ती योजली, आणि १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. ‘सीपॅप’ म्हणून ओळखले जाणारे यंत्र ते हेच. त्याचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरांत मोजतात, आणि तो बहुधा ४ ते २० या मर्यादेत असतो. पेल्यात १० सेंटिमीटर पाणी घेऊन तळाशी टेकवलेल्या नळीतून बुडबुडा काढण्यास जेवढी फुंकर लागते, तेवढ्याच दाबावर कित्येकांचा घसा रात्रभर उघडा राहतो. यंत्र प्राणवायू पुरवत नाही आणि रोग बरा करीत नाही. ज्या रात्री ते लावले, त्याच रात्रीपुरता त्याचा अंमल. या एका गोष्टीतच या उपचाराचे सारे सुखदुःख सामावलेले आहे.

मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारल्यापासून कृष्णाकाठचा रोगी उपचारासाठी लांबचा प्रवास करण्यास कधी कचरला नाही. परंतु या रोगात उपचाराचा मुख्य भाग दवाखान्यातून घरी परतल्यावर सुरू होतो. झोपेची तपासणी एका रात्रीत उरकते, यंत्रही तीस-चाळीस हजारांच्या घरात मिळते. पण यंत्राची हवा नाकात सोडणारा मुखवटा बांधून निजणे अंगवळणी पडण्यास आठवडे लागतात. पहिल्या रात्री जीव घाबरा होतो. यास्तव दिवसा जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मुखवटा लावून बसण्याचा परिपाठ ठेवावा, आणि दाब हळूहळू वाढविण्याची सोय चालू करून घ्यावी. आमच्याकडील भरघोस मिशा हीदेखील एक खरी अडचण आहे. मुखवट्याची कड केसांवर नीट बसत नाही, हवा निसटून डोळ्यांत जाते, आणि मालक यंत्रास दोष देतो. मिशा उतरविण्याची गरज नसते. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या लहान उशीवजा मुखवट्याने काम बहुधा भागते.

यंत्राच्या हवेला ओलावा देणाऱ्या भांड्यात पाणी कोणते घालावे, हाही माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडे गौण प्रश्न नव्हे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने भांड्यात पांढरा थर धरतो. म्हणून औषधाच्या दुकानातील डिस्टिल्ड वॉटर वापरावे, उरलेले सकाळी ओतून भांडे वाळवावे. साताऱ्याच्या थंडीत हाच ओलावा नळीत थंडावून त्याचे पाणी होते आणि ते गुरगुरू लागते. नळीवर जुन्या कापडाची खोळ शिवली की ते थांबते. वीज गेली तर गुदमरू काय, ही शंका प्रत्येकास येते. मुखवट्यास हवा बाहेर जाण्याची छिद्रे असतात, आणि नाकतोंड झाकणाऱ्या मुखवट्यात दाब थांबताच उघडणारी झडप असते; तेव्हा धोका गुदमरण्याचा नसून उपचाराविना रात्र जाण्याचा आहे. ओलाव्याचे तापन बंद ठेवले तर यंत्रास वीज थोडी लागते, आणि घरगुती इन्व्हर्टरवर रात्र निभावू शकते. २०१९ च्या ऑगस्टातील महापुरात सांगलीकरांवर आली, तशी दीर्घ अंधाराची वेळ आली, तर डोक्याकडील बाजू उंच करून कुशीवर निजणे आणि मद्य व झोपेच्या गोळ्या कटाक्षाने टाळणे, एवढी तजवीज तरी हाती राहते. याहून कठीण अडचण लाजेची. लग्नघरी, मंगल कार्यालयाच्या दालनात वीस गाद्यांच्या रांगेत हे सोंग बांधून कसे निजावे, म्हणून यंत्र घरी ठेवून जाणारे पुष्कळ. त्या रात्री बाकीच्या एकोणीस गाद्यांना काय भोगावे लागते, हे त्यांस कोणी सांगत नाही.

पर्याय आहेत, पण ते रोग्यागणिक निवडायचे असतात. खालचा जबडा पुढे धरणारी दंतवैद्याची पट्टी सौम्य व मध्यम रोगात उपयोगी पडते. मुलांत टॉन्सिल व ॲडेनॉइड काढल्याने बहुधा गुण येतो. वजन उतरल्यास श्वासाचे खंड घटतात, आणि स्थूल रोग्यांतील मध्यम व तीव्र विकारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये तिर्झेपाटाइड या औषधास मान्यता मिळाली. जयपूर येथे शंख फुंकण्याच्या नियमित अभ्यासाने घशाचे स्नायू बळावून लाभ झाल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. रोगी तीसच होते, म्हणून यंत्र अडगळीत टाकण्याइतका आधार त्यात नाही. यंत्राविषयीही अतिशयोक्ती नको. सुमारे २७०० हृदय व मेंदूविकाराच्या रोग्यांवरील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सीपॅपने पुढील झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाचा झोपाळूपणा मात्र घटला आणि मनाचा उत्साह सुधारला. या रोग्यांनी यंत्र वापरले होते सरासरी ३.३ तास. अर्ध्या रात्रीच्या उपचाराकडून पूर्ण रात्रीचे फळ मागता येते काय, हा वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून या रोगात घरच्या माणसाची साक्ष निदानापुरती नसून उपचारभर लागते. मुखवटा मध्यरात्री निघाला, हे पत्नीच सांगते, आणि पुन्हा बांधतेही तीच. परंतु ज्यांना असा साक्षीदारच नाही, त्यांचे काय? गळीत हंगामात महिनोन् महिने घराबाहेर राहणारा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टरचालक साखर कारखान्याच्या केनयार्डात नंबर लागेपर्यंत बैठकीवरच डोळा मिटतो. खंबाटकीपासून पेठनाक्यापर्यंत महामार्गावर रात्री मालमोटार हाकणारा केबिनमध्ये निजतो. त्याच्या घोरण्याची फिर्याद कोणी करीत नाही, आणि त्याच्या डुलकीची किंमत मात्र समोरून येणारा देतो. हंगामाच्या आरंभी वाहतुकीचे करार होतात, तेव्हाच कारखान्यांनी आणि मालमोटारींच्या मालकांनी चालकाच्या मानेला शिंप्याची टेप लावावी, रक्तदाब पाहावा, आणि गाडीवरील सोबत्यास एकच प्रश्न विचारावा: याचा झोपेत श्वास अडखळतो काय? घेर १७ इंचांहून अधिक आणि उत्तर होकारार्थी असेल, तर त्यास झोपेच्या तपासणीस पाठवावे, आणि तिचा खर्च व बुडालेली रोजी चालकाच्या माथी न मारता करारातच धरावी. कारण पोट ज्या कामावर आहे ते काम जाईल, अशी धास्ती असेल, तर कोणताही सोबती खरी साक्ष देणार नाही.