परसातला उजेड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विदर्भातल्या बाभुळगाव तालुक्यात घरामागची जागा शोभेची नसते. तिथे नहाणी असते, हौद असतो, गोठा असतो, कोपऱ्यात पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग असतो, कुंपणावर वालाचा वेल आणि तुळशीशेजारी शेवंती असते. रात्री तिथे जावे लागते ते कामासाठी: गुरांना वैरण टाकायला, मोटार सुरू करायला, लहान मुलाला संडासला न्यायला. म्हणून परसात दिवा हवा, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणता दिवा, कुठे आणि किती वेळ, एवढाच. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली, एलईडी स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत पोहोचले. उजेड स्वस्त झाल्यावर तो जपून वापरण्याची सवय गेली. आता बऱ्याच घरी भिंतीवर उंच एक पन्नास वॅटचा फोकस असतो. तो एलईडीचा असला तरी लोक त्याला ‘हॅलोजन’च म्हणतात, आणि तो संध्याकाळपासून सकाळपर्यंत जळतो. यामागची समजूत सरळ आहे: जितका उजेड जास्त, तितके घर सुरक्षित. ही समजूत चुकीची आहे. परसातल्या दिव्याचा उपयोग त्याच्या प्रखरतेपेक्षा त्याचा उजेड कुठे पडतो यावर ठरतो, आणि चुकीच्या जागी लावलेला प्रखर दिवा ज्या धोक्यासाठी लावला तोच वाढवू शकतो.

गैरसमज १: लख्ख उजेड असला की साप फिरकत नाही

भीती खरी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. पण साप दिव्याला भिऊन जागा सोडत नाही. तो भक्ष्याच्या मागे येतो आणि आडोशाला थांबतो. उंच लावलेल्या पांढऱ्या दिव्याभोवती पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे, पतंग, वाळवीचे पंखवाले किडे जमतात. खाली पडलेले किडे टिपायला बेडूक येतात, भिंतीवर पाली जमतात. बेडूक नि उंदीर नागाचे खाद्य, पाली मण्यारीचे. शेतकऱ्याला हे तत्त्व नवीन नाही, कारण हुमणीचे भुंगेरे धरायला तो शेतात प्रकाश सापळा लावतो. तोच दिवा घरामागे लावला तरी तो सापळाच राहतो, फक्त खाली किडे बुडवायला पाण्याचे घमेले नसते. सापापासून वाचवतो तो पाऊल पडण्याआधीची जमीन दाखवणारा उजेड. तो हातातल्या बॅटरीतून येतो, किंवा वाटेवर खाली तोंड करून लावलेल्या लहान दिव्यातून. आणि त्याहून मोठा उपाय दिव्याचा नाहीच. पऱ्हाट्यांचा ढीग मागच्या दारापासून लांब हलवला तर सापाचा आडोसा आणि उंदरांचे घर दोन्ही जाते. गुलाबी बोंडअळीसाठीही कापूस तज्ज्ञ हंगामानंतर पऱ्हाट्या साठवू नका असेच सांगतात, कारण त्यांवर राहिलेल्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.

गैरसमज २: किडे दिव्यावर प्रेमाने झेपावतात, आणि निळा दिवा डास मारतो

किडे दिव्याकडे का येतात याचे एक चांगले उत्तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळाले. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांत दिसले की उडणारा किडा आपली पाठ जास्त उजेडाच्या बाजूला ठेवतो. लाखो वर्षे रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असल्यामुळे ही सवय त्याला सरळ उडायला उपयोगी होती. दिवा जवळ आला की पाठ दिव्याकडे वळते आणि किडा त्याच्याभोवती गोल गोल अडकून पडतो. म्हणजे उघडा, आडवा किंवा वर फेकला जाणारा उजेड जितका जास्त, तितके अडकणारे किडे जास्त. निळसर पांढऱ्या उजेडाकडे पिवळसर उजेडापेक्षा बहुतेक किडे अधिक ओढले जातात, म्हणून ६५०० केल्विनच्या ‘कूल डे लाइट’ऐवजी २७०० ते ३००० केल्विनचा ‘वॉर्म व्हाइट’ बल्ब परसाला बरा. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, तो पाहूनच बल्ब घ्यावा. डासांची गोष्ट वेगळी आहे. डास माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागे येतो, उजेड त्याच्यासाठी दुय्यम. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये विजेचे कीटक मारणारे दिवे तपासले तेव्हा मेलेल्या १३,७८९ कीटकांत माणसाला चावणारे फक्त ३१ निघाले. बाकी बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगी किडे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याच्यावर उपाय हौद झाकणे हाच.

गैरसमज ३: जास्त वॅट म्हणजे जास्त दिसते

वॅट वीज मोजतो, उजेड मोजतो ल्यूमेन. नऊ वॅटचा चांगला एलईडी सुमारे ८०० ते ९०० ल्यूमेन देतो, म्हणजे जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बएवढा. एक वाट, नहाणीचे दार आणि गोठ्याचे तोंड यांना तेवढा पुरेसा होतो. पन्नास वॅटचा फोकस त्याच्या पाच-सहा पट उजेड फेकतो, पण तो डोळ्यांच्या पातळीवर आला की माणसाला कमी दिसते. डोळ्यात थेट शिरणारा उजेड आत पसरतो आणि समोरच्या मंद वस्तू धुऊन टाकतो. बाहुली आकसते, आणि उजेडाच्या कडेला पडलेली सावली अधिक काळी भासते. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, प्रखर दिव्याकडे एकदा पाहिले की ती सारी तयारी वाया जाते. म्हणून फोकसच्या उजेडात उभ्या माणसाला भिंतीआडचा ढीग, विहिरीची कड, पायाखालची मण्यार यांतले काहीच नीट दिसत नाही. वीज बिलाचाही हिशेब करावा. पन्नास वॅट रोज बारा तास जळला तर महिन्याला १८ युनिट, नऊ वॅट जळला तर सव्वातीनच्या आसपास. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपुढचे युनिट महाग पडते. जे घर त्या हद्दीवर आहे त्याला हा फरक नक्की जाणवेल.

गैरसमज ४: रात्रभर दिवा असला की चोर येत नाही

या आक्षेपाला हलके घेता येत नाही, कारण पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत २०१६ मध्ये शक्तिशाली दिवे लावून पाहिले तेव्हा रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. उलट इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. तिथे रस्त्यावरचे दिवे मंद केल्याने किंवा रात्री काही तास बंद केल्याने गुन्हे वाढल्याचे आढळले नाही. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, असे मला वाटते. उजेड गुन्हा तिथे रोखतो जिथे पाहणारे डोळे असतात. न्यूयॉर्कच्या वसाहतीत शेकडो खिडक्या अंगणाकडे उघडतात. घराच्या मागच्या बाजूला मध्यरात्री कोण पाहते? तिथे सतत जळणारा दिवा चोरालाही तितकाच उपयोगी, त्याला बॅटरी लावावी लागत नाही. हालचालीवर पेटणारा सेन्सरचा दिवा मात्र काहीतरी बदलले हे घराला नि शेजाऱ्याला कळवतो. मांजर, कुत्रे, शेळी फिरली तरी तो पेटतो ही तक्रार खरी आहे, पण ती बहुतांशी बसवण्याची चूक असते. सेन्सर रस्त्याकडे किंवा हलत्या फांदीकडे न वळवता दारापुढच्या वाटेवर रोखला, त्याची संवेदनक्षमता नि पेटून राहण्याचा वेळ कमी केला की ती बरीच कमी होते. घरात म्हातारी माणसे असतील तर वाटेवर पत्र्याच्या टोपीखालचा दोन-तीन वॅटचा दिवा रात्रभर ठेवावा, आणि सेन्सरचा दिवा वेगळा असावा.

गैरसमज ५: रात्रीच्या उजेडाने झाडाझुडपांना काही होत नाही

या तालुक्यातल्या सोयाबीन उत्पादकाला हे लवकर पटावे. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक आहे, म्हणजे रात्र पुरेशी लांब आणि अखंड काळी झाली तरच ते वेळेवर फुलते. रस्त्यावरच्या दिव्याखाली बांधाच्या कडेचे सोयाबीन बाकी शेत पिवळे पडल्यावरही हिरवे राहते ते याच कारणाने. शेवंतीही लहान दिवसाचीच. दिवाळीच्या सुमारास ती भरून यावी म्हणून जपायचे आणि तिच्यावर रात्रभर फोकस टाकायचा, हे परस्परविरोधी आहे. वालाच्या अनेक गावठी जातीही अशाच दिवसमानावर फुलतात. झाडांच्या बुंध्याला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा सणाच्या चार रात्रींना ठीक, वर्षभर नकोत.

गैरसमज ६: सोलर फुकट, आणि एमसीबी आहे म्हणजे शॉकची भीती नाही

सोलर दिवा विजेचे बिल वाचवतो, हिशेब वाचवत नाही. एक वॅटच्या पॅनलला पाच तास चांगले ऊन मिळाले तर पाच वॅट-तास जमतात, घट वजा जाता साधारण तीन-साडेतीन. त्यावर एक वॅटचा दिवा तीन तास चालेल, बारा तास नाही. पॅनल कडुनिंबाच्या सावलीत असेल, धुळीने माखलेले असेल किंवा आभाळ आठ दिवस भरून राहिले तर तेवढाही नाही. पॅनल दक्षिणेकडे, इथल्या अक्षांशाप्रमाणे सुमारे वीस अंश कललेले असावे, आणि बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल हे धरून चालावे. वायरच्या दिव्याचा धोका वेगळा. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट तोडते. माणसाच्या अंगातून गळणारा थोडासा प्रवाह तिला कळतही नाही, आणि जीव घ्यायला तेवढा पुरतो. तो ओळखून वीज तोडते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, जोडीला चांगले अर्थिंग हवे. नहाणी, हौद, गोठा अशा ओल्या जागी पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारा ‘आयपी ६५’ दिवा घ्यावा, आणि कपडे वाळवायच्या लोखंडी तारेला वायर कधीही टेकू देऊ नये.

यावर एक अखेरचा आक्षेप असा की हे सगळे शहरातल्या आकाशप्रेमींचे लाड आहेत, जंगलाला लागून राहणाऱ्याला उजेड लागतोच. याचे उत्तर विदर्भातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला आणि आशियातला पाचवा डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचे काळोखे आकाश जपणारे उद्यान, ठरला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले. वाघाच्या शेजारी राहणाऱ्या या गावांनी दिवे काढून टाकले नाहीत, त्यांची दिशा बदलली. परसालाही हेच लागू पडते, आणि त्याला खर्चही फार नाही: आहे त्याच बल्बवर पत्र्याची टोपी, आहे त्याच फोकसला खालचा कल. आधी ढीग हलवावा, मग दिव्याचे तोंड खाली करावे, मग पिवळसर बल्ब लावावा, आणि त्यानंतरही वाट दिसत नसेल तरच वॅट वाढवावा. या क्रमाने गेले तर बहुतेक घरांवर वॅट वाढवण्याची वेळ येणार नाही.