फडावरची थंडी आणि अंगावरचे कपडे

दसरा-दिवाळी उरकली की पाटोदा तालुक्यातल्या गावांमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, धान्य, कोयते, लेकरं आणि गोधड्यांचं गाठोडं गाडीत चढतं. सगळा हिवाळा मुक्काम कोपीत. कोयत्याची धार निघण्याआधी दहादा पाहिली जाते. अंगावर काय घालायचं, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

बालाघाटावरची थंडी कोरडी. हवेत बाष्प कमी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने थंड होते. पहाटे दात वाजतात, दुपारी सदरा घामाने भिजतो. लडाखमधल्या लेहमध्येही हवा अशीच कोरडी. साडेतीन हजार मीटर उंचीमुळे तिथे पारा शून्याच्या बराच खाली जातो, एवढंच. फडावर या थंडीला ओलाव्याची जोड मिळते. पाण्याखालची शेतं, उसाच्या पानापानावर दव. तोडणी सुरू झाली की थोड्याच वेळात बाह्या आणि साडीचा घोळ चिंब होतो.

खरी गोम इथेच आहे. कपडा स्वतः ऊब निर्माण करत नाही. धाग्यांत अडकलेल्या हवेच्या आधाराने तो शरीराचीच ऊब धरून ठेवतो. त्या हवेची जागा पाण्याने घेतली, की पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून भिजलेला सुती कपडा असून नसल्यासारखाच. लोकरीचं तसं नाही. आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश बाष्प शोषूनही ती ओली वाटत नाही. धनगराचं घोंगडं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते काही उगाच नव्हे!

फडावर बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. पानांच्या धारेपासून बचाव हा मूळ हेतू. पण हाच थर उबेचंही काम करतो. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे, कारण मधल्या फटींतही हवा अडकते. घाम फुटण्याआधी वरचा कपडा काढून ठेवावा. कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर दव आत शिरत नाही. मात्र घामही बाहेर जात नाही, म्हणून ऊन चढलं की तो सोडावा. आणि रात्रीसाठी एक कोरडा जोड वेगळाच ठेवावा, कितीही मोह झाला तरी फडावर न न्यायचा.

तान्ह्या बाळांची काळजी अधिक. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा जास्त आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे ती लवकर गारठतात. टोपी, मोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून गोधडी, यापेक्षा चांगला उपाय नाही. नवजात बाळाच्या शरीराचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसखाली गेलं की धोका सुरू होतो. बाळ मलूल झालं, दूध ओढेनासं झालं, पोट हाताला गार लागलं, तर तसंच उबेत धरून थेट दवाखाना गाठावा.

बंद कोपीत शेगडी पेटती ठेवून मात्र झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पाचटाला ठिणगी पुरते.